छायाचित्रे एकगठ्ठा, मूळ प्रत एकच

भंडारा : दिवाळी सरली की भंडारा जिल्ह्यातील छायाचित्रकारांच्या हाताला उसंत राहत नाही. गावोगावच्या मंडया, त्यानिमित्ताने होणारे झाडीपट्टी रंगभूमीचे प्रयोग आणि तुळशीविवाहानंतर सुरू होणारी लग्नसराई हा क्रम थेट उन्हाळ्यापर्यंत चालतो. फिल्मच्या काळात ३६ छायाचित्रांचा रोल जपून वापरला जाई. आज दोन दिवसांच्या लग्नात दोन-तीन हजार चित्रे टिपली गेली तरी कोणाला नवल वाटत नाही. साहजिकच छायाचित्रकाराचे निम्मे काम मंडपातून उठून दुकानाच्या मागच्या खोलीत, संगणकापुढे आले आहे.

एक चित्र उघडणे, त्याचा उजेड सुधारणे, आकार लहान करणे आणि नव्या नावाने साठवणे याला हाताने एक मिनिट लागते असे धरले, तर तीन हजार चित्रांना पन्नास तास लागतील. त्यामुळेच फोटोशॉपसारख्या सॉफ्टवेअरमधील 'बॅच' ही सोय, म्हणजे एकाच आज्ञेने सारी चित्रे एकगठ्ठा हाताळून साठवणे, छोट्या स्टुडिओंना वरदान ठरली. संध्याकाळी आज्ञा देऊन दुकान बंद करावे आणि सकाळी तयार फोल्डर उघडावे, इतके ते सोपे आहे.

सोय जितकी मोठी, तितकाच तिच्यातला धोकाही मोठा. हाताने काम करणारा माणूस दहाव्या चित्रावर आपली चूक ओळखतो आणि थांबतो. एकगठ्ठा आज्ञा तीच चूक तीन हजार वेळा इमानेइतबारे करते. त्यातही सर्वांत महागात पडणारी चूक एकच: लहान केलेली प्रत मूळ चित्राच्याच जागी, मूळ चित्राच्याच नावाने साठवणे. पुसलेली फाइल 'रिसायकल बिन'मध्ये सापडू शकते. जिच्यावर दुसरी फाइल लिहिली गेली, ती तेथे जात नाही.

नुकसान किती होते, हे आकड्यांत पाहणे बरे. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचे चित्र ६००० बाय ४००० पिक्सेलचे असते. मोबाइलवर पाठवण्यासाठी ते १६०० पिक्सेल रुंद केले, की दोन कोटी चाळीस लाख पिक्सेलपैकी जेमतेम सतरा लाख उरतात. पडद्यावर फरक जाणवत नाही. छपाईला मात्र इंचाला ३०० पिक्सेल लागतात. म्हणजे हे चित्र सव्वापाच इंच रुंदीपर्यंतच नीट छापले जाईल. 'करिझ्मा' अल्बमचे १२ बाय ३६ इंचांचे एक जोडपान ३६०० बाय १०,८०० पिक्सेलचे असते. नवरीच्या पाठवणीचे चित्र त्या पानावर ताणले, की चेहऱ्याऐवजी चौकोन दिसू लागतात आणि लग्न काही पुन्हा लागत नाही.

चौकोन का दिसतात, याचे उत्तर जेपेग पद्धतीत आहे. १९९२ मध्ये प्रमाणित झालेली ही पद्धत चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे तुकडे पाडते आणि डोळ्याला सहसा न जाणवणारा तपशील गाळून फाइल लहान करते. गाळलेला तपशील परत येत नाही. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. जेपेग चित्र नुसते उघडून पाहिल्याने किंवा त्याची प्रत काढल्याने ते बिघडत नाही. बदल करून पुन्हा साठवले, तरच ते पुन्हा गाळले जाते. 'रॉ' स्वरूपात चित्रे टिपणारे या बाबतीत सुरक्षित असतात, कारण फोटोशॉप कॅमेऱ्याच्या रॉ फाइलवर काही लिहीत नाही. केलेले बदल बहुधा शेजारी एका लहानशा 'एक्सएमपी' फाइलमध्ये ठेवले जातात. मात्र फोल्डर हलवताना ती लहान फाइल मागे राहिली, तर साऱ्या सुधारणाही मागे राहतात.

आधी नाव, मग काम

एकगठ्ठा काम बिघडते ते बहुतेक वेळा सॉफ्टवेअर उघडण्यापूर्वीच. कॅमेरा चित्रांना नाव देतो ते डीएससी किंवा आयएमजी या अक्षरांपुढे चार आकडे लावून. ९९९९ नंतर कॅमेरा पुन्हा ०००१ वर येतो. लग्नाला दोन कॅमेरे असतील, तर दोन्हींत एकाच नावाची चित्रे असू शकतात. दोन्ही कार्डे एकाच फोल्डरमध्ये उतरवताना संगणक 'बदलू का?' असे विचारतो आणि घाईत 'होय' दाबले जाते. हळदीचा अर्धा समारंभ असा नाहीसा होऊ शकतो.

उपाय साधा आहे. प्रत्येक कार्डासाठी वेगळा फोल्डर करावा आणि त्याचे नाव वर्ष, महिना, दिवस या क्रमाने सुरू करावे. '२०२४-०४-२१ साकोली लग्न कॅमेरा १' असे नाव दिले, की संगणक आपोआप तारखेच्या क्रमाने मांडणी करतो. दिवस आधी लिहिण्याची आपली सवय येथे उपयोगाची नाही. तिने सर्व वर्षांच्या एक तारखा एकत्र येतात. 'फायनल', 'नवे फायनल', 'अगदी शेवटचे फायनल' ही नावे तर जवळपास प्रत्येक स्टुडिओत आढळतात आणि सहा महिन्यांनी त्यांतले खरे अंतिम कोणते, हे ठेवणाऱ्यालाही सांगता येत नाही. देवनागरी नावे आजच्या संगणकांवर चालतात. युनिकोड न जाणणाऱ्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र त्यांच्या जागी प्रश्नचिन्हे उमटतात. त्यामुळे जुन्या सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्यांनी फाइलची नावे रोमन लिपीत ठेवलेली बरी.

फाइलींची नावे बदलण्यासाठी अडोबीचे 'ब्रिज' हे जोड-सॉफ्टवेअर २००५ पासून फोटोशॉपसोबत येते. त्यातील 'बॅच रिनेम' वापरताना मूळ नाव फाइलच्या माहितीत जपून ठेवण्याचा एक पर्याय दिसतो. त्यावर खूण करण्यास विसरू नये. ग्राहकाने '४३१२ क्रमांकाचे मोठे करा' असे सांगितले आणि नावे बदललेली असली, तर हाच पर्याय कामी येतो.

ग्राहकाची निवड हा वेगळाच गोंधळ आहे. चित्रे व्हॉट्सॲपवर पाठवली, की नेहमीच्या पद्धतीत ती लहान होतात आणि पोचल्यावर त्यांना तारीख व 'डब्ल्यूए' अशी अक्षरे असलेले नवे नाव मिळते. ग्राहक त्यातलीच शंभर निवडून परत पाठवतो. तीच चित्रे अल्बमला वापरली, तर छपाई धूसर होणारच. म्हणून नमुन्याच्या प्रतींवर कोपऱ्यात मूळ क्रमांक छापून पाठवावा. ग्राहकाने फक्त क्रमांक कळवायचे.

'सेव्ह अँड क्लोज'चा फास

फोटोशॉप १९९० मध्ये आले. ठरावीक क्रिया नोंदवून ठेवणारी 'ॲक्शन' ही सोय १९९६ च्या चौथ्या आवृत्तीपासून त्यात आहे. एका चित्रावर आकार, उजेड, रंग असे जे जे कराल ते टेपरेकॉर्डरप्रमाणे नोंदले जाते आणि 'फाइल'खालच्या 'ऑटोमेट'मधील 'बॅच' या आज्ञेने ते संपूर्ण फोल्डरवर वाजवता येते.

बॅचच्या चौकटीत 'डेस्टिनेशन', म्हणजे तयार चित्रे कोठे जावीत, या प्रश्नाला तीन उत्तरे आहेत. 'नन' निवडले आणि ॲक्शनमध्ये साठवण्याची पायरी नसली, तर प्रत्येक चित्र उघडेच राहते आणि दोन-चारशे चित्रांनंतर संगणक मान टाकतो. 'सेव्ह अँड क्लोज' निवडले, की प्रत्येक चित्र आपल्या मूळ जागीच साठवले जाते. वर सांगितलेला सारा अनर्थ याच तीन शब्दांत आहे. तिसरा पर्याय 'फोल्डर'. नवा, रिकामा फोल्डर करून तोच दाखवावा. अन्य दोन्ही पर्याय नवशिक्यांनी विसरून जावेत.

त्याखालीच 'ओव्हरराइड ॲक्शन सेव्ह ॲज कमांड्स' असे लांबलचक वाक्य असते. अर्थ असा: ॲक्शनमध्ये साठवण्याची जागा नोंदलेली असली, तरी ती न मानता चौकटीत दाखवलेल्या फोल्डरमध्येच साठवावे. येथे दोन खाचखळगे आहेत. ही खूण केली, पण ॲक्शनमध्ये 'सेव्ह ॲज'ची पायरीच नाही, तर रात्रभर यंत्र चालूनही सकाळी फोल्डर रिकामा मिळतो. दुसरे म्हणजे, ॲक्शन नोंदवताना फाइलचे नाव हाताने टंकले, तर ते नावही नोंदले जाते. मग खूण नसेल तेव्हा प्रत्येक चित्र त्याच एका नावाने, आधीच्यावर चढत, साठवले जाण्याची वेळ येते. नोंदणीच्या वेळी नावाला हात न लावणे हाच त्यावरचा इलाज.

आकार बदलण्याच्या पायरीतही अशीच गफलत होते. आडव्या चित्रावर 'रुंदी १६०० पिक्सेल' अशी नोंद केली, की उभी चित्रे १६०० पिक्सेल रुंद आणि २४०० उंच होतात. अशा वेळी 'ऑटोमेट'मधील 'फिट इमेज' वापरावे; ते चित्राला दिलेल्या चौकटीत बसवते, मग ते आडवे असो वा उभे.

एवढी यातायात ज्यांना नको, त्यांच्यासाठी 'फाइल'मधील 'स्क्रिप्ट्स'खाली 'इमेज प्रोसेसर' आहे. २००५ च्या सीएस-२ आवृत्तीपासून ते फोटोशॉपसोबत मिळते. त्याला ॲक्शन नोंदवावी लागत नाही. फोल्डर दाखवा, जेपेग निवडा, दर्जा ० ते १२ मध्ये ठरवा, कमाल रुंदी-उंची लिहा, काम झाले. 'त्याच ठिकाणी साठवा' असे सांगितले तरी ते आत 'जेपेग' नावाचा उपफोल्डर करून प्रती तेथे ठेवते आणि मूळ चित्रांना हात लावत नाही. छोट्या स्टुडिओने रोजच्या कामासाठी हेच वापरावे. बॅच राखून ठेवावे ते गुंतागुंतीच्या कामासाठी. अनेक ठिकाणी अजून वापरात असलेल्या २००२ च्या सातव्या आवृत्तीत मात्र इमेज प्रोसेसर नाही, तेव्हा त्यांना बॅचची शिस्त पाळण्यावाचून गत्यंतर नाही.

२००७ मध्ये आलेल्या 'लाइटरूम'ने प्रश्नाची मांडणीच बदलली. त्यात मूळ चित्रावर काहीच लिहिले जात नाही. सुधारणा एका सूचीत, 'कॅटलॉग'मध्ये, नोंदल्या जातात आणि 'एक्स्पोर्ट' केल्यावर नवी प्रत तयार होते. फक्त फोल्डर लाइटरूमच्या बाहेरून हलवला, की सूचीला चित्रे सापडत नाहीत. अडोबीची ही सॉफ्टवेअर आता वर्गणीवर मिळतात आणि तालुक्याच्या गावातील दुकानाला ती जड वाटली, तर नवल नाही. चोरीची प्रत हा त्यावरचा मार्ग नव्हे. घरगुती वापरासाठी मोफत असलेले 'इरफानव्ह्यू' हे १९९६ पासूनचे चिमुकले सॉफ्टवेअर 'बी' ही कळ दाबताच एकगठ्ठा कामाची चौकट उघडते; व्यवसायासाठी त्याचा परवाना घ्यावा लागतो. 'डिजीकॅम' आणि 'डार्कटेबल' ही तर सर्वांसाठी पूर्णतः मोफत आहेत. आज्ञा टंकून काम करणाऱ्यांना 'इमेजमॅजिक' आवडते. त्यातील 'मॉग्रिफाय' ही आज्ञा, वेगळा फोल्डर वा वेगळे स्वरूप न सांगितल्यास, मूळ फाइलवरच लिहिते, हे मात्र ध्यानात ठेवावे.

लग्नाव्यतिरिक्त स्टुडिओंचे वर्षभराचे काम म्हणजे अर्जांचे फोटो. पारपत्राच्या आकाराचा साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटरचा फोटो ३०० च्या घनतेला ४१३ बाय ५३१ पिक्सेलचा होतो आणि चार बाय सहा इंचांच्या कागदावर असे आठ बसतात. बँक भरतीच्या ऑनलाइन अर्जांत २०० बाय २३० पिक्सेलचा, २० ते ५० केबीचा फोटो मागितला जातो. फोटोशॉपच्या 'सेव्ह फॉर वेब'मध्ये किंवा इरफानव्ह्यूच्या जेपेग पर्यायांत हवी ती केबी मर्यादा सांगता येते. येथेही लहान केलेला फोटोच एकमेव प्रत म्हणून ठेवला, तर पुढच्या महिन्यात वेगळ्या मापाचा अर्ज आल्यावर उमेदवाराला पुन्हा खुर्चीत बसवावे लागते.

चित्र जेव्हा पुरावा असते

भंडारा जिल्ह्यात छायाचित्रांचा आणखी एक मोठा साठा तयार होतो, तो जंगलात. कोका अभयारण्य नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे, तर उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य नागपूर आणि भंडारा या दोन जिल्ह्यांत पसरलेले आहे. वाघ मोजण्यासाठी झाडांना बांधलेले स्वयंचलित कॅमेरे वाऱ्याने हललेल्या फांदीपासून रानडुकरापर्यंत सारे टिपतात. २०१८ च्या अखिल भारतीय व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी असे कॅमेरे लागले होते. त्यांनी वन्यजीवांची ३ कोटी ४८ लाख ५८ हजार ६२३ छायाचित्रे टिपली. त्यांत वाघांची होती ७६,६५१. म्हणजे हजारांत जेमतेम दोन. हा ढीग हाताने उपसणे शक्य नव्हते. चित्रांना स्थळाची नोंद जोडून प्राण्यांनुसार वेगळे करण्यासाठी 'कॅटरॅट' आणि वाघांचे पट्टे जुळवून पाहण्यासाठी 'एक्स्ट्रॅक्टकंपेअर' ही सॉफ्टवेअर वापरली गेली. एकगठ्ठा काम म्हणतात ते हेच, केवळ प्रमाण देशाएवढे.

येथे लग्नाच्या अल्बमची सवय घातक ठरते. वाघाच्या डाव्या आणि उजव्या अंगावरचे पट्टे सारखे नसतात. ॲक्शनमध्ये चुकून चित्र आडवे उलटण्याची पायरी शिरली, तर डावी बाजू उजवी होते आणि कागदावर नसलेला वाघ जन्मतो किंवा असलेला नाहीसा होतो. नागझिऱ्यातून २०१३ मध्ये उमरेड-कऱ्हांडल्यात पोचलेला 'जय' हा वाघ एप्रिल २०१६ नंतर दिसला नाही. अशा वाघाच्या शोधात कोठेही मिळालेल्या नव्या छायाचित्रातील पट्टे जुन्या चित्रांशी ताडून पाहणे हाच खात्रीचा मार्ग असतो आणि त्यासाठी जुने चित्र मूळ रूपात असावे लागते.

पट्ट्यांइतकेच मोल वेळेला. कॅमेऱ्याची बॅटरी संपून घड्याळ मूळपदावर गेले, तर पुढची सारी चित्रे भलत्याच वर्षाची ठरतात. फरक नेमका माहीत असेल, तर 'एक्झिफटूल' या मोफत सॉफ्टवेअरने संपूर्ण फोल्डरच्या वेळा एका आज्ञेत पुढे-मागे करता येतात. ते मूळ फाइल वेगळ्या नावाने बाजूला ठेवून मगच बदल करते. ही सभ्यता सर्वच सॉफ्टवेअरमध्ये असती तर बरे झाले असते. उलट 'सेव्ह फॉर वेब' चित्रातील वेळ व स्थळाची माहिती सहसा काढून टाकते. पीकनुकसानीचे छायाचित्र असे साठवले, तर ते कोणत्या बांधावरचे हे त्या फाइलवरून सिद्ध होत नाही. वाघाचे छायाचित्र जाहीर करताना मात्र स्थळाची माहिती काढूनच टाकावी. शिकाऱ्याला पत्ता देण्याचे कारण नाही.

पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये उत्खनन होऊन प्राचीन बौद्ध स्तूपाचे अवशेष उजेडात आले. उत्खननात एक थर काढल्याशिवाय खालचा दिसत नाही आणि काढलेला थर पुन्हा रचता येत नाही. पुढे त्याची साक्ष देतात त्या टिपणे आणि छायाचित्रे. अशा कोणत्याही जुन्या चित्राचे, घरातल्या आजोबांच्या फोटोचेही, स्कॅनिंग करताना पहिली प्रत टिफ स्वरूपात ठेवावी. तिच्यात तपशील गाळला जात नाही. सुधारणा आणि जेपेग प्रती त्यानंतर.

ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेचे पाणी भंडारा शहराच्या सखल वस्त्यांत शिरले. पुराला मूळ प्रत आणि नक्कल यांतला फरक कळत नाही. दोन्ही एकाच टेबलावरच्या एकाच संगणकात असतील, तर दोन्ही जातात. अमेरिकी छायाचित्रकार पीटर क्रोग यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम सांगतो की प्रती तीन असाव्यात, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतली एक दुसऱ्या जागी असावी. तीन हजार जेपेग चित्रे प्रत्येकी आठ एमबीची धरली, तर एक लग्न २४ जीबीत मावते. दोन प्रती उघडून तपासल्याखेरीज कॅमेऱ्याचे कार्ड पुसू नये. तिसऱ्या प्रतीसाठी दूर जाण्याची गरज नाही: अल्बम देताना मूळ चित्रांचा पेनड्राइव्ह लग्नघरी दिला, की ती आपोआप दुसऱ्या गावी, दुसऱ्या कपाटात पोचते. पेनड्राइव्हवर फोल्डरचे नाव मात्र तारखेसह लिहावे, नाही तर बारशाच्या वेळी तोच पुन्हा पुसून वापरला जातो.